सम आकड्यांची वस्ती

१

मेलेल्या मुलीला मच्छरदाणी मिळाली, असा निरोप तिच्या बापाच्या फोनवर सोमवारी दुपारी आला. मंगळवारी सकाळी शिपायाने कुलूप काढायच्या आतच तो बाप हिवताप कचेरीच्या पायरीवर येऊन बसला होता.

ट्रकचा ड्रायव्हर होता तो. लांबून गाडी हाकत आलेला; डोळे तांबारलेले, शर्टाच्या खिशाला ग्रीसचा डाग. कचेरीत आकड्यांचं काम बघणारी बाई जिना चढून आली, तसा तो उठून उभा राहिला. कचेरीत तिला सगळे चाळणबाई म्हणत. कुठलाही तक्ता तिच्या हाती दिला की खडे बाजूला पडलेच म्हणून समजा. घरी दहा महिन्यांची लेक होती, ती अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे सोपवून आलेली. खांद्यावर दुधाचा ओला ठिपका तसाच राहिलेला.

"बाई, हे वाचा," ड्रायव्हरने फोन पुढे केला.

तिने वाचलं. 'आपली मुलगी, वय वर्षे पाच, हिच्या नावाची मच्छरदाणी आज मिळाली आहे. तिला रोज मच्छरदाणीतच झोपवा.'

"दोन वर्षं झाली तिला जाऊन," तो म्हणाला. "तापाने गेली. तीन वर्षांची होती."

अशा वेळी काय बोलायचं ते कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

"नाव चुकून राहिलं असेल, ते मी समजू शकतो," तो पुढे म्हणाला. "पण इथे पाच लिहिलंय. तिला मोठं कोण करतंय?"

"वय संगणक वाढवतो, दादा. जन्मतारीख दिली की तो आपला दर वर्षी एक मिळवत जातो. कुणी थांबवेपर्यंत."

"आणि कुणी थांबवायचं असतं?"

याचं उत्तर तिला ठाऊक होतं, पण तिने खुर्ची पुढे सरकवली आणि संगणक चालू केला. वाटप झालं की पुरावा म्हणून फोटो काढायचा असा नियम होता. मुलीचं नाव शोधल्यावर तो फोटो उघडला. बंद पिशवीतली मच्छरदाणी, ती धरलेला बाईचा हात. चेहरा नाही.

"ही तुमची बायको?"

"नाही. तिच्या अंगठ्याला चरा आहे." तो वाकला. त्याचं बोट पडद्यावर एका कोपऱ्यात गेलं आणि तिथेच थांबलं. "हे काय आहे?"

मच्छरदाणीच्या पिशवीआडून, खालच्या कडेला, एक इवलासा पाय बाहेर आला होता. पाच बोटं पसरलेली.

२

ड्रायव्हरला चहा पाजून तिने घरी धाडलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "मला कुणाला शिक्षा नको. भिंगरीच्या नावाची कुणी घेतली, तेवढं सांगा. बायकोला विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून बसली."

भिंगरी. यादीत नाव वेगळं होतं, भारदस्त. घरात ती भिंगरी होती.

चाळणबाईला त्या आठवड्यात मान वर करायला फुरसत नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तिला चौदा वस्त्यांची यादी वर पाठवायची होती. गेल्या तीन वर्षांत जिथे तापाने सगळ्यात जास्त माणसं गेली, अशा चौदा. त्यांना यंदा झोपायच्या प्रत्येक जागेमागे एक मच्छरदाणी मिळणार होती, आणि दर आठवड्याला रक्त तपासणारी गाडी. उरलेल्यांना जुनाच नियम, दोन माणसांमागे एक. ड्रायव्हरची वस्ती बंधाऱ्याखाली होती, बारा महिने पाझर लागलेला, डबकी साचलेली. पण तिच्या नकाशात ती हिरवीगार होती. तीन वर्षांत तापाने मृत्यू: शून्य.

निदान एक तरी असायला हवा होता ना? भिंगरीचा?

साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "खोटं नाव म्हणजे चोरी. एक सापडलं म्हणजे आत वीस असणार. वस्तीतल्या सगळ्या मच्छरदाण्या परत मागवतो, मग बघू."

"शुक्रवारपर्यंत थांबा, साहेब. चोर कोण ते मी सांगते."

"शुक्रवारी पाच. एक मिनिट वर नाही."

पहिला नंबर भांडारकाकांचा. छपरापर्यंत रचलेल्या गठ्ठ्यांमध्ये, औषधाच्या उग्र वासात, काका पेरू खात बसले होते.

"माझ्यावर संशय?" काका हसले. "अगं, माझ्या भांडारातले उंदीरसुद्धा सही केल्याशिवाय कुरतडत नाहीत. त्या वस्तीला एकशे सव्वीस दिल्या. फोटो एकशे सव्वीस आले. मोज."

तिने मोजले. एकशे सव्वीस.

दुसरा नंबर फोटो काढणाऱ्या कंत्राटी पोराचा. पोरगा कसला, तिशीचा घोडा होता. पण जाईल तिथे आधी प्लग शोधायचा, म्हणून त्याचं नाव चार्जर पडलेलं.

"मॅडम, आपलं काम सरळ आहे," तो म्हणाला. "यादी नर्स आक्का वाचणार. नाव आलं की हात पुढे येणार. हात दिसला, दाणी दिसली, खटॅक. माणूस कुठलं, मेलेलं का जिवंत, ते विचारायला मी काय यम आहे?"

"आणि हा निरोप फोनवर कसा गेला?"

"ते यंदाच चालू केलंय. फोटो चढला की त्या नावापुढच्या नंबरवर निरोप आपोआप जातो. का, कुणी तक्रार केली? पहिल्यांदाच लोक खूश होतील म्हटलं तर..."

"चार्जर, या फोटोतलं घर कुठलं?"

त्याने मान वाकडी करून पाहिलं. "हे? शेवटचं घर. पाझराच्या बाजूचं." मग जरा थांबून म्हणाला, "पण त्या ड्रायव्हरचं घर तर अगदी पहिलं आहे, मॅडम. वस्तीच्या तोंडाशी."

३

बुधवारी लेकीला लस टोचायची होती, म्हणून चाळणबाईने अर्धी रजा घेतली. दुपारी पोर किरकिर करून झोपली, तेव्हा तिने तिच्याच पाळण्याशेजारी फरशीवर कागद पसरले. एका हाताने पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातात पेन्सिल.

अण्णा समोर बसून एक मनगटी घड्याळ उघडत होते. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण हात ऐकत नव्हते.

"काय शोधतेस?"

"तीन वर्षांची एक मेलेली मुलगी आपलं घर सोडून दुसऱ्याच घरात राहायला गेलीय, अण्णा. यादीत. तिची बदली केलीय कुणीतरी. सुनेचं नाव सासरच्या घरात चढवतात ना, तशी."

अण्णांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "तीन वर्षांची पोर?"

"यादीत पाच."

ते पुन्हा घड्याळावर वाकले, पण हात चालेना. तिने घरं वाचायला सुरुवात केली. अठ्ठेचाळीस घरं, प्रत्येकापुढे माणसांचा आकडा. चार, सहा, चार, आठ, सहा, चार, दोन. पाळण्याच्या झोक्याबरोबर ती पुटपुटत राहिली. सहा, चार, सहा, सहा, आठ.

दोरी थांबली.

"अण्णा, तुमच्या दुकानात भिंतीवर किती घड्याळं असायची?"

"तीसेक."

"सगळी एकच वेळ दाखवायची?"

"छे! दुरुस्तीला आलेली ती. एक पुढे, एक मागे, एक बंद. सगळ्यांचे काटे एका जागी दिसले, तर समजायचं कुणीतरी नुकताच हात फिरवून गेलाय."

तिने शेजारच्या वस्तीचा कागद ओढला. पाच, तीन, चार, सात, सहा, पाच. जवळजवळ निम्मी घरं विषम. तिसरी वस्ती, तेच. बंधाऱ्याखालच्या वस्तीत मात्र सगळी माणसं जोडीने जन्मली होती जणू. चार, सहा, आठ. कुणाच्या घरात तीन नाहीत, पाच नाहीत, सात नाहीत.

मुलांच्या वजनाचं रजिस्टर तिने शेजारी ठेवलं. दर महिन्याला आक्का वजनं घ्यायच्या. सात मुलांपुढे वजन नव्हतं. या महिन्यात नाही, मागच्यात नाही, वर्षभर नाही. त्या जागी त्यांच्या गोल, स्वच्छ अक्षरात एकच शब्दजोड: 'गावाला गेलीय.' 'गावाला गेलाय.' ओळीमागून ओळ.

तिने पाळण्यात हात घालून लेकीच्या पोटावर ठेवला. पोट खालीवर होत होतं. तरीही तिने हात काढला नाही.

मग तिने पुन्हा एकदा पहिल्या घरापासून बोट फिरवत नेलं. सत्तेचाळीस घरं सम होती.

एकच विषम होतं. माणसं तीन.

४

गुरुवारी सकाळी ती वस्तीत पोचली. बंधाऱ्याची भिंत उंच, ओली, शेवाळाने काळवंडलेली. तिच्या पायथ्याशी घरं अशी बसली होती, जणू थंडी वाजत असावी. पाझराचा आवाज सतत येत होता. कुणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलतंय असं वाटायला लावणारा.

ती घरोघर गेली. "मच्छरदाण्या बघायच्या होत्या," एवढंच सांगत. आणि प्रत्येक घरात त्या होत्या. विकलेल्या नाहीत, मासे धरायला नेलेल्या नाहीत, कोंबड्यांवर टाकलेल्या नाहीत. दिवसा गाठ मारून वर अडकवलेल्या, अंधाऱ्या खोल्यांमध्ये पांढऱ्या लोंबत होत्या. कुणी दार उघडलं की सगळ्या एकदम श्वास घेतल्यासारख्या हलायच्या.

"घरात माणसं किती, मावशी?"

"सहा."

"आत्ता दिसताहेत ती पाच."

बाई पदराशी चाळा करायची. "सहावा गावाला गेलाय."

"कधी येणार?"

एका घरात म्हाताऱ्याने छताकडे पाहिलं. एका घरात छोटी मुलगी म्हणाली, "आजोबा येणार नाहीत, ते तर...", आणि आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. यादीत त्या आजोबांना नुकतंच नव्वदावं लागलं होतं. एकोणीस घरांत हे असंच झालं. तीच दोन शब्दांची ओळ, त्याच आवाजात, पाठ करून घेतल्यासारखी. चाळणबाईला वाटू लागलं, की आपण वस्तीत दोनदा फिरतोय. एकदा दिसणाऱ्या माणसांतून, आणि एकदा न दिसणाऱ्या.

पाझराकडच्या शेवटच्या घरात एक तरुण बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ चार महिन्यांचं. पायांनी हवा तुडवत होतं. तो पाय चाळणबाईने लगेच ओळखला.

"हिचं नाव यादीत नाही," ती हळूच म्हणाली.

"वर्षाची झाल्याशिवाय घेत नाहीत ना. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई."

"तिघं. मग यादीत चार कसे?"

बाईने बाळाची टाळू कुरवाळली. "खरं सांगू? सासूबाई एका दाणीत झोपतात. आम्ही मायलेकी दुसरीत. बाळ रात्री फार रडतं आणि यांना पहाटे कामावर जायचं असतं, म्हणून हे बाहेर झोपतात. आधी एकच मिळायची. दुसरी तिची आहे. त्या भिंगरीची." तिने मान वर केली. "आम्ही चोरली नाही हो. उसनी घेतलीय. हिचं नाव चढलं की परत करणार."

"कुणाला परत करणार?"

तरुण बाईने बाळाचा पाय पदराखाली झाकला. बाहेर पाझर बोलत राहिला.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं करायला?"

तिने मान खाली घातली. सांगायची गरजही नव्हती. चाळणबाई त्या एकुलत्या एक विषम घराकडे वळली, तेव्हा दारात आक्का उभ्याच होत्या.

५

आक्का म्हणजे वस्तीची नर्स. पन्नाशीच्या, ठेंगण्या, मनगटावर पुरुषी घड्याळ. बावीस वर्षं याच पाझराकाठी त्यांनी बाळंतपणं केली होती आणि मेलेल्यांचे डोळेही मिटले होते. घरात त्या, त्यांचा अधू भाऊ आणि भाचा. मच्छरदाणी एक. ती भावाच्या खाटेवर.

"ये, बस. चहा टाकते," आक्का म्हणाल्या. "कालपासून वाट बघतेय. म्हटलं चाळण लावल्याशिवाय ही पोरगी राहायची नाही."

"आक्का, मी बोलते, चुकलं तर थांबवा." चाळणबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकली. "भांडारातून एकशे सव्वीस निघाल्या, घरांत एकशे सव्वीस लटकताहेत. म्हणजे चोरी नाही. चार्जरने नाव दुसऱ्या घरात हलवलं असतं तर निरोपाचा नंबरही बदलला असता. त्याला ते येतं. ज्याने बदली केली त्याला फक्त घर बदलता येत होतं, नंबर नाही. घर बदलायचा तेवढा अधिकार नर्सला असतो."

"बरोबर."

"आता आकडे. दोन माणसांमागे एक मच्छरदाणी. चार माणसांना दोन. पाच माणसांनाही दोनच, कारण उरलेल्या एकाला संगणक धरतच नाही. पाचाचे सहा झाले, तरच तिसरी मिळते. तुम्ही वस्तीतलं एकेक विषम घर घेतलंत आणि त्यात एकेक माणूस वाढवलंत. जिवंत माणूस वाढवता येत नाही. त्याला कागद लागतात. मेलेल्याला नवे कागद लागत नाहीत. त्याला नुसतं कमी करायचं नसतं."

गॅसवर चहा वर आला. आक्कांनी तो उतरवला नाही; चाळणबाईनेच उठून बंद केला.

"मी कुणाला खोटं जिवंत केलं नाही गं," आक्का म्हणाल्या. "फक्त नाव खोडलं नाही. ज्या घरात माणूस गेलं, तिथेच लागेल असं थोडंच असतं? मग लागेल तिथे ठेवलं. पण आईबापाला विचारून. भिंगरीच्या आईला विचारलं, तर म्हणाली, त्या शेवटच्या घरात नवीन लग्न झालंय, उद्या बाळ होईल, तिथे ठेवा. नवऱ्याला मात्र सांगायची तिची छाती झाली नाही."

"एकोणीस घरं."

"एकोणीस गेले होते. विषम घरं वीस. विसावं हे माझं." आक्का हसल्यासारख्या झाल्या. "आता माझ्या घरासाठी कुणाच्या मरणाची वाट बघायची का?"

चाळणबाईने चहा दोन कपांत ओतला. पण मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच होती.

"आक्का, त्या एकोणीसांपैकी तापाने किती गेले?"

"अकरा. त्यात सात मुलं." उत्तर लगेच आलं, आक्का ते रोजच मोजत असाव्यात. कपाटातून त्यांनी एक वही काढली. त्यात सगळं होतं. नाव, तारीख, तापाचे दिवस, रक्त कधी घेतलं, काय निघालं. खोट्या यादीमागे ठेवलेली खरी यादी.

"उद्या चौदा वस्त्यांची यादी जाणार. मृत्यू बघून. प्रत्येक झोपायच्या जागेला मच्छरदाणी, दर आठवड्याला रक्ताची गाडी," चाळणबाई म्हणाली. "तुमची वस्ती त्यात नाही. कारण आमच्याकडे लिहिलंय, इथे तीन वर्षांत कुणी मेलंच नाही."

आक्का वही हातात धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावरचा रंग कसा उतरतो ते चाळणबाईने जवळून पाहिलं. एकोणीस मच्छरदाण्यांसाठी झाकलेल्या मरणांनी सबंध वस्ती झाकून टाकली होती.

"मीच," आक्का पुटपुटल्या. "म्हणजे मीच की गं."

"नाही."

"मग कोण? तो भागाकार कुणी लिहिला, त्याला मला एकदा बघायचंय. उरलेला माणूस टाकून द्यायचा, असं कुठल्या शहाण्याला सुचलं?"

चाळणबाई उंबऱ्यावरून उठली. तिच्या डोळ्यांसमोर तीन वर्षांपूर्वीची एक दुपार आली. चकचकीत नवं टेबल, नवी नोकरी. उत्तरात अडीच, साडेतीन असे आकडे येत होते. अर्धी मच्छरदाणी कशी देणार? म्हणून तिने अर्धा काढून टाकला होता. तक्ता किती नीटनेटका दिसला होता तेव्हा!

"बघा मग, आक्का," ती म्हणाली. "तुमच्या समोरच उभी आहे."

६

शुक्रवारी बारा वाजता तिने साहेबांपुढे अहवाल ठेवला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, सूत्र कुणाचं, कुठली ओळ, कुठल्या तारखेला.

"तुमचं नाव कशाला घातलंत?" साहेब वैतागले. "नर्सचं पुरेसं होतं की."

"ओळ माझी आहे, साहेब."

साहेबांनी अहवाल मिटला. "हे बघा, नर्सची चौकशी होणार, ती टळत नाही. तुमचीही होईल. आणि वहीवर मी मृत्यू धरू शकत नाही. प्रत्येक मरणाला घरच्यांची सही लागते. अकरा सह्या पाचच्या आत आणा, वस्ती यादीत घालतो. नाही आल्या, तर मी चोरी म्हणून पुढे पाठवतो आणि दाण्या उचलायला गाडी धाडतो."

आक्का दुपारपासून कागद घेऊन दारोदार फिरत होत्या. एकही सही मिळाली नव्हती. सही केली की नाव जाणार, नाव गेलं की मच्छरदाणी जाणार, हीच भीती. आणि दुसरी भीती ड्रायव्हरची. तक्रार त्याने केलीय, आधी तो काय करतो बघू, असं जो तो म्हणत होता.

साडेतीनला खाली ट्रक थांबल्याचा आवाज आला. ड्रायव्हर एकटाच वर आला.

"आक्कांनी सांगितलं सगळं," तो म्हणाला. "गाडीत बसलेत सगळे. बायकोसुद्धा. मी काय करतो ते बघताहेत."

"दादा, बसा. तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. ती ऐकूनच काय ते करा."

तो बसला.

"भिंगरी होती तेव्हा तुमच्या घरात पाच माणसं. मच्छरदाण्या दोन आल्या. हो ना?"

ड्रायव्हरचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. मग तो बोलू लागला, आणि बोलताना तिच्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. "एकीत आई आणि भिंगरी. दुसरीत बायको आणि धाकटा. मी काय, महिन्यातून चार रात्री घरी. ओसरीवर पडायचो. पण मी आलो की पोरगी ऐकते होय? आजीच्या कुशीतून सुटून यायची. 'बाबा, सरका.' मी सरकायचो." त्याचा आवाज खरवडल्यासारखा झाला. "आत जा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. चारच रात्री तर मिळायच्या. दोन वर्षं झाली, मी कुणाला हे सांगितलं नाही, बाई. मीच तिला..."

"नाही, दादा." ती इतक्या जोरात म्हणाली, की दारातल्या शिपायाने वळून पाहिलं. "पाच माणसांना अडीच यायला हव्या होत्या. अडीच म्हणजे तीन. तिसरी मच्छरदाणी तुमच्या ओसरीवर यायला हवी होती, तुम्हा दोघांवर. ती मी दिली नाही. इथे, याच खुर्चीत बसून, मी तो अर्धा काढून टाकला. तुम्ही पोरीला जवळ घेतलंत, यात तुमचं काही चुकलं नाही. कुणाचीही मुलगी तेच करणार आणि कुणीही बाप सरकणारच."

तो तिच्याकडे बघत राहिला. शिवी देईल, टेबल उलथेल, निघून जाईल, असं काहीही होऊ शकलं असतं, आणि तिने त्यातल्या प्रत्येकाची तयारी ठेवली होती. त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. खांदे हलत राहिले. खाली कुणीतरी ट्रकचा फाळका आपटला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले, मग चार.

शेवटी त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "कुठे करायची सही?"

तिने कागद पुढे केला, आणि मग संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. भिंगरीच्या नावापुढे तिने ती तारीख भरली. 'खात्री आहे का?' संगणकाने विचारलं. तिने ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने मान हलवली. पाचाचे पुन्हा तीन झाले.

खिडकीतून वाकून त्याने हाक मारली, "या रे वर!" जिन्यावर पावलं वाजू लागली. म्हातारा आला, पदराशी चाळा करणारी मावशी आली, भिंगरीची आई आली आणि भिंतीला नाही, नवऱ्याला टेकून उभी राहिली. सगळ्यात मागून आक्का आल्या. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या नर्सच्या नावाने काढलेलं पत्र तोवर साहेबांच्या टेबलावर टाईप होऊन पडलं होतं. आक्कांनी ते पाहिलं आणि म्हाताऱ्याचा अंगठा शाईवर धरला.

पाचला बारा मिनिटं कमी असताना वस्तीतली माणसं दोनशे त्रेपन्नवरून दोनशे चौतीस झाली, आणि मृत्यूच्या रकान्यातलं शून्य पुसून अकरा आला. यादीत वस्ती पहिली लागली.

"आता नुसती माणसं मोजायची नाहीत," चाळणबाई सगळ्यांना म्हणाली. "कोण कुठे झोपतं ते सांगायचं. खाट, पाळणा, फरशी, एकेक जागा. ज्यांची नावं अजून यादीत चढली नाहीत, ती बाळंसुद्धा."

"धाकटा आता चार वर्षांचा झाला," ड्रायव्हर दारातून वळून म्हणाला. "मी घरी आलो की बाहेर यायचा हट्ट करतो. दोन वर्षं मी त्याला कडी लावून आत झोपवतोय. रडून रडून झोपतो." तो अडखळला. "ती दाणी ओसरीवर बसेल का हो? वर बांधायला काही नाही तिथे."

"भिंतीत दोन खिळे, समोर दोन खांब. बसेल."

तो बघत उभा राहिला. तिने नवा तक्ता उघडला आणि पहिल्या घरापुढे, पहिल्या ओळीत भरलं: झोपायची जागा, ओसरी. माणसं, दोन.